ओरडणारा एक, चोर दुसराच: वेब ॲप्लिकेशनमधल्या एररचा माग कसा काढायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. फॉर्म भरून 'सेव्ह' दाबलं की काही युजर्सना नुसतं गोल फिरत राहतं. त्यांच्या ब्राउझरच्या कन्सोलमध्ये (एरर छापणाऱ्या खिडकीत) कॉर्सची लाल ओळ दिसते. स्वतःच्या लॅपटॉपवर मात्र सगळं सुरळीत. बॅकएंडचे (सर्व्हरकडचे) सहकारी म्हणतात, आमच्या लॉगमध्ये काहीच नाही, दुखणं फ्रंटएंडचं (ब्राउझरमधल्या कोडचं) आहे. दोन दिवस जिथे तिथे कन्सोल लॉग पेरून झाले, कॉर्सच्या सेटिंगमध्ये 'सगळ्यांना परवानगी' करून झालं, तरी सुटत नाही. तर एरर शोधायची काही पद्धत असते, की हा अनुभवाचाच खेळ?

पद्धत असते. अनुभवाने ती जरा लवकर चालवता येते, एवढंच. आणि तुमच्या प्रश्नातच तिचा बराचसा भाग लपलेला आहे, म्हणून आधी तुमचंच कोडं हातात घेतो.

तुम्ही लिहिलेल्यातल्या तीन गोष्टींखाली मी पेनाने रेघ मारली असती: 'काही युजर्सना', 'माझ्या लॅपटॉपवर नाही', आणि 'बॅकएंडच्या लॉगमध्ये काहीच नाही'. कॉर्सच्या लाल ओळीखाली नसती मारली. ती ओळ सगळ्यात मोठ्याने ओरडते, पण तिच्यात माहिती सगळ्यात कमी आहे. कॉर्स हा ब्राउझरचा नियम. दुसऱ्या डोमेनकडून आलेल्या उत्तरावर परवानगीचा हेडर (उत्तरासोबत जाणारी माहितीची ओळ) नसेल तर ब्राउझर ते उत्तर तुमच्या जावास्क्रिप्टच्या हाती देत नाही. म्हणजे त्या ओळीचा खरा अर्थ इतकाच, की उत्तर आलं होतं आणि त्यावर हेडर नव्हता. आता तुमच्या ॲपचं कॉर्सचं सेटिंग चुकलेलं असतं तर ते सगळ्यांसाठी चुकलं असतं. ते निवडून 'काही' युजर्सना त्रास देत नाही. मग विचारायचं हे, की बिनहेडरचं उत्तर पाठवलं कोणी?

बॅकएंडच्या लॉगमध्ये काहीच नाही याचा अर्थ बॅकएंड निर्दोष असा होत नाही. रिक्वेस्ट तिथवर पोचलीच नाही, असा होऊ शकतो. तुमच्या ॲपच्या आधी प्रॉडक्शनवर (युजर वापरतात त्या खऱ्या सर्व्हरवर) कोणीतरी प्रॉक्सी, म्हणजे रिक्वेस्ट आधी स्वतः घेऊन पुढे पाठवणारा मध्यस्थ, उभा असतो: एनजिनएक्स, लोड बॅलन्सर, सीडीएन. लॅपटॉपवर यातलं कोणीच नसतं. आणि एनजिनएक्सची एक जुनी खोड आहे: रिक्वेस्टच्या बॉडीची मर्यादा न सांगितल्यास ती १ एमबी धरली जाते. त्याहून मोठं काही आलं की तो स्वतःच ४१३ ('बॉडी फार मोठी' सांगणारा स्टेटस कोड) देऊन दारातून परत पाठवतो, आत ॲपला पत्ताही लागत नाही. कॉर्सचा हेडर तुमचं ॲप लावत असेल तर या ४१३ वर तो असणार कुठून? हेडर एनजिनएक्समध्ये 'ॲड हेडर'ने लावला असेल तरी फरक नाही, कारण त्या ओळीच्या शेवटी 'ऑलवेज' लिहिलं नसेल तर तो हेडर २००, २०४, ३०१, ३०२, ३०४ अशा ठरावीक कोडांवरच लागतो. ४१३ आणि ५०० त्यात येत नाहीत.

तर माझा संशय असा: तुमच्या फॉर्मला फोटो किंवा कागद जोडता येतो. फोनमधला मूळ फोटो सरळ जोडणारे अडकतात, छोटी फाइल जोडणारे किंवा काहीच न जोडणारे सुटतात. तुम्ही चाचणीला जी फाइल वापरता ती बहुतेक पन्नासेक केबीची आहे.

हे अनुमान आहे, आणि अनुमानावर कोडला हात लावायचा नसतो. आधी तपासा. ब्राउझरच्या डेव्हटूल्समधला नेटवर्क टॅब उघडा (तिथे प्रत्येक रिक्वेस्ट आणि तिचं उत्तर दिसतं), 'प्रिझर्व्ह लॉग' चालू करा, आणि मुद्दाम ५ एमबीचा फोटो जोडून सेव्ह दाबा. क्रोममध्ये बऱ्याचदा कॉर्सच्या ओळीखाली आणखी एक लाल ओळ असते, तिच्यात खरा स्टेटस कोड छापलेला असतो. लोक पहिल्या ओळीवरच थांबतात. पोस्टच्या, म्हणजे फॉर्म पाठवणाऱ्या रिक्वेस्टच्या, आधी ऑप्शन्सची प्रीफ्लाइट रिक्वेस्ट (ब्राउझरची आगाऊ परवानगी-विचारणा) दिसत असेल तर तिच्याकडे बघा. ती यशस्वी आहे आणि पोस्ट पडली आहे, असं असेल तर परवानगीचं सेटिंग ठीक आहे, कारण सेटिंग चुकीचं असतं तर प्रीफ्लाइटच अडली असती.

मग ती रिक्वेस्ट 'कॉपी ॲज कर्ल' करून टर्मिनलवर चालवा. कर्ल हे टर्मिनलवरून रिक्वेस्ट पाठवणारं साधन, त्याला कॉर्स माहीतच नाही, त्यामुळे सर्व्हरने खरोखर काय उत्तर दिलं ते उघडं दिसतं. इथे एक खड्डा आहे, त्यात मी स्वतः पडलो आहे: फॉर्मडेटामध्ये (फॉर्ममधून पाठवलेल्या माहितीत) फाइल असली तर कॉपी केलेल्या कर्लमध्ये फाइलचा मजकूर येत नाही. कमांड चालवली, छान २०० (यशाचा कोड) आला, आणि मी अर्धा दिवस 'सर्व्हर ठीक आहे' असं सांगत फिरलो. मोठी फाइल हाताने जोडून चालवा.

सगळ्यात पक्का पुरावा एनजिनएक्सच्या एरर लॉगमध्ये मिळेल. ॲपच्या लॉगमध्ये नव्हे, एनजिनएक्सच्या. तिथे 'क्लायंट इंटेंडेड टू सेंड टू लार्ज बॉडी' आणि पुढे बाइट्सचा आकडा अशी ओळ सापडली, तर प्रकरण मिटलं. नाही सापडली, तर माझं अनुमान चुकलं, आणि तेही फुकट जात नाही, कारण एक मोठा दरवाजा बंद झाला.

आता पद्धतीकडे येतो. वर जे केलं त्यात युक्ती एकच होती: पाणी कुठे मुरतंय ते शोधायला पाइपलाइन मधोमध तोडून बघणे. वेब ॲप्लिकेशन ही एक लांब साखळी असते. बटणावर क्लिक, जावास्क्रिप्ट, रिक्वेस्ट, प्रॉक्सी, ॲप, डेटाबेस, आणि त्याच वाटेने उलटा प्रवास. डेटा एका टोकाला बरोबर असतो आणि दुसऱ्या टोकाला चुकीचा. तो नेमका कोणत्या दोन कड्यांच्या मध्ये बिघडला, एवढंच शोधायचं असतं. बहुतेक लोक जिथे एरर दिसली तिथून एकेक ओळ मागे सरकतात किंवा, तुमच्यासारखं, सगळीकडे लॉग पेरतात. त्यापेक्षा मधोमध बघावं. वेबमध्ये तो मधला बिंदू आयता मिळतो, नेटवर्क टॅब. बाहेर पडणारी रिक्वेस्ट बरोबर आहे का? नसेल तर सर्व्हरकडे बघायचंच नाही. बरोबर आहे आणि रिस्पॉन्स चुकीचा आहे? मग फ्रंटएंडचा कोड बंद करून ठेवा. दोन्ही बरोबर आहेत आणि पडद्यावर चूक आहे? मग रिस्पॉन्स ते पडदा एवढीच गल्ली उरली. पाच मिनिटांत अर्धं ॲप संशयातून मुक्त होतं.

याचं एक उदाहरण जवळून दाखवतो, कारण त्यात 'मधोमध' हा शब्दसुद्धा किती काटेकोर घ्यावा लागतो ते कळतं. एका प्रकल्पात यादीतल्या काही नोंदींवर क्लिक केलं की 'नोंद सापडली नाही' असं यायचं. जुन्या नोंदी उघडायच्या, नव्या उघडायच्या नाहीत, आणि नव्यांतल्याही काही बिनतक्रार उघडायच्या. डेटाबेसमध्ये नोंद होती. एपीआयला (बॅकएंडच्या विचारणेच्या खिडकीला) कर्लने विचारलं तर व्यवस्थित मिळत होती. मी नेटवर्क टॅबमध्ये यादीच्या रिस्पॉन्सचा प्रीव्ह्यू बघितला, त्यातला आयडी आणि क्लिकनंतर जाणारा आयडी अगदी एकच. म्हणजे फ्रंटएंड बरोबर, बॅकएंडही बरोबर, आणि तरी नोंद नाही! दुसऱ्या दिवशी सहज प्रीव्ह्यूऐवजी शेजारचा रिस्पॉन्स टॅब उघडला आणि शेवटचा अंक वेगळा दिसला.

कारण असं: जावास्क्रिप्टमधला साधा अंक पूर्णांक म्हणून ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतच भरवशाचा असतो, म्हणजे दोनचा ५३ वा घात वजा एक. त्यापुढे ९००७१९९२५४७४०९९३ पाठवला तर वाचताना तो ९००७१९९२५४७४०९९२ होतो, आणि कुठेही एरर येत नाही. आमचे नवे आयडी लांबलचक होते, जुने छोटे होते. नव्यांतले जे गोलाई करूनही तेच राहत ते उघडायचे. रिस्पॉन्स टॅब सर्व्हरने पाठवलेला कच्चा मजकूर दाखवतो. प्रीव्ह्यू टॅब तो आधी जेसन (डेटा लिहायचा एक साचा) म्हणून वाचतो आणि मग दाखवतो. म्हणजे मी ज्याला मधला बिंदू समजत होतो तो बिघाडाच्या पलीकडे होता. दुरुस्ती एका ओळीची झाली, आयडी अंक म्हणून न पाठवता स्ट्रिंग (नुसता मजकूर) म्हणून पाठवायचा. तेव्हापासून साधन मला जे दाखवतं ते दाखवण्याआधी त्याने त्याचं काही केलं आहे का, हे मी आधी विचारतो.

कन्सोल लॉगचंही तेच. तुम्ही दोन दिवस लॉग टाकताय म्हणून सांगतो: ऑब्जेक्ट लॉग केला आणि नंतर बाण दाबून उलगडला, तर आतलं जे दिसतं ते उलगडण्याच्या क्षणीचं असतं, लॉगच्या ओळीच्या क्षणीचं नाही. मधल्या काळात कोणी त्या ऑब्जेक्टमध्ये बदल केला असेल तर लॉग तुम्हाला बिनधास्त खोटं सांगतो. लॉगच टाकायचा तर जेसन स्ट्रिंग करून टाका, म्हणजे त्या क्षणाचा फोटो मिळतो. त्याहून चांगलं म्हणजे ब्रेकपॉइंट (कोड ठरलेल्या ओळीवर थांबवणारी खूण), आणि तोही अटीचा. दोनशे फेऱ्यांच्या लूपमध्ये फक्त रक्कम शून्याखाली गेली तरच थांब, असं सांगता येतं. कोडला हात न लावता डेव्हटूल्समधूनच लॉगपॉइंट टाकता येतो, मग 'इथे आलो', 'इथे आलो २' या ओळी चुकून प्रॉडक्शनवर जायचा प्रश्नही उरत नाही.

स्टॅक ट्रेस (एररपर्यंत कोड कोणत्या ओळींवरून आला त्याची यादी) वाचायची सवय नसेल तर ती आधी लावून घ्या. पायथॉनचा ट्रेसबॅक खालून वाचायचा, खरी एरर शेवटच्या ओळीत असते. जावात 'कॉज्ड बाय' अनेकदा येतो, त्यातला सगळ्यात शेवटचा बहुधा मूळ असतो. जावास्क्रिप्टमध्ये एरर वर आणि वाट खाली. भाषा कोणतीही असो, लायब्ररीच्या फायली ओलांडत आपल्या फोल्डरमधली एररच्या सगळ्यात जवळची ओळ गाठायची. प्रॉडक्शनच्या ट्रेसमध्ये सगळं एकाच फाइलच्या पहिल्या ओळीवर, चाळीस हजाराव्या कॉलमवर दिसत असेल तर सोर्स मॅप (आवळलेल्या कोडवरून मूळ ओळ सांगणारी फाइल) जोडलेला नाही; तो आधी जोडा, डोळे फोडून घेऊ नका.

पण ट्रेस फक्त माणूस पडला कुठे ते सांगतो. पाय कुठे घसरला ते नाही. 'कॅनॉट रीड प्रॉपर्टीज ऑफ अनडिफाइंड' ही एरर ज्या ओळीवर येते त्या ओळीचा बहुधा काही दोष नसतो. तिला रिकामा हात कोणी दिला, ते बघायचं असतं. तिथे 'असेल तरच वाच' असं सांगणारं प्रश्नचिन्ह लावून एरर गप्प केली तर आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. एरर जाते, चुकीचा डेटा पुढे जातो, आणि तीन स्क्रीन पलीकडे असा काही फुटतो की मागचा माग लागत नाही. 'अनएक्स्पेक्टेड टोकन' आणि पुढे कोनी कंसाचं चिन्ह अशी एरर तर मी वाचतही नाही, सरळ रिस्पॉन्स बघतो. जेसनऐवजी एचटीएमएल आलेलं असतं. सेशन संपलं, सर्व्हरने लॉगिन पानाकडे वळवलं, आणि ते पान ऐटीत २०० घेऊन आलं.

हो, आणि तुमचं ते गोल फिरणारं चक्र. कॉर्समुळे फेच (जावास्क्रिप्टमधून रिक्वेस्ट पाठवणारं फंक्शन) अयशस्वी झालं, नियंत्रण कॅच ब्लॉकमध्ये (एरर पकडणाऱ्या भागात) गेलं, आणि तिथे बहुतेक रिकामी जागा आहे किंवा फक्त लॉग आहे. चक्र थांबवणारी ओळ यशाच्या वाटेवरच लिहिली असणार. ती फायनलीमध्ये (यश-अपयश दोन्हींनंतर चालणाऱ्या भागात) न्या. याच्या उलटंही होतं: सर्व्हरने ४०४ किंवा ५०० दिला तर फेच त्याला अपयश मानत नाही, कॅचकडे जातच नाही. रिस्पॉन्सचा 'ओके' आपणच तपासावा लागतो. रिकाम्या कॅच ब्लॉकबद्दल माझं मत जरा टोकाचं आहे. कोड रिव्ह्यूमध्ये मी बाकी बऱ्याच गोष्टी सोडून देतो, ही नाही.

'माझ्याकडे चालतं' यावर चिडण्यापेक्षा दोन ठिकाणांतले फरक काढत बसावं, उत्तर त्या फरकांतच असतं. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (ॲपला बाहेरून दिलेलं सेटिंग) नेहमी स्ट्रिंग असतं. त्यात 'फॉल्स' लिहिलं तरी ते रिकामं नाही, म्हणून जावास्क्रिप्ट आणि पायथॉन दोन्ही त्याला खरंच मानतात. आम्ही एकदा 'डिबग बंद' असं समजून तीन आठवडे ते चालू ठेवलं होतं. मॅक आणि विंडोज सर्वसाधारणपणे फाइलच्या नावातलं लहान-मोठं अक्षर एकच धरतात, लिनक्स धरत नाही, म्हणून इम्पोर्ट लॅपटॉपवर चालतो आणि सर्व्हरवर बिल्डच पडतो. नुसती तारीख, वेळेशिवाय, जावास्क्रिप्टच्या डेट ऑब्जेक्टला दिली तर ती यूटीसी (ग्रीनिचची वेळ) धरली जाते; तीच वेळेसकट पण झोनशिवाय दिली तर स्थानिक धरली जाते. त्यामुळे ग्रीनिचच्या पश्चिमेच्या युजरला जन्मतारीख एक दिवस आधीची दिसते आणि पूर्वेकडे बसलेल्या डेव्हलपरला ती चूक कधीच दिसत नाही. आणि जुना सर्व्हिस वर्कर (ब्राउझरमध्ये बसून साठवलेल्या जुन्या फायली देत राहणारी स्क्रिप्ट). तुम्ही दुरुस्त केलेला कोड युजरपर्यंत पोचलाच नाही, ही शक्यता तपासल्याशिवाय 'दुरुस्ती लागू पडली नाही' म्हणू नका.

कधी येणाऱ्या, कधी न येणाऱ्या एररचा स्वभाव वेगळा. तिथे आकडे आणि वेळा जमवायच्या. रिक्वेस्ट बरोबर ६० सेकंदांनी मरते आहे का? असा गोल आकडा दिसला की समजावं, कोणाच्या तरी टाइमआउटचं घड्याळ वाजलं. एनजिनएक्स मागच्या ॲपची वाट डिफॉल्टने ६० सेकंदच बघतो, मग ५०४ देतो. ५०२ असेल तर गोष्ट निराळी, मागचं ॲप उभंच नव्हतं किंवा अर्ध्यात पडलं. फक्त गर्दीच्या वेळी होत असेल तर मी आधी डेटाबेसचं कनेक्शन पूल (वापरून परत करायच्या कनेक्शनांचा साठा) बघतो: एररच्या वाटेवर कनेक्शन परत न करणारी एखादी जागा असते, आणि ती थेंबाथेंबाने तळं रिकामं करते. सर्च बॉक्समध्ये भराभर टाइप केल्यावर जुनेच निकाल दिसत असतील तर ती उत्तरांची शर्यत आहे, आधीच्या रिक्वेस्टचं उत्तर नंतर पोचतं. नवी पाठवताना जुनी रद्द करा.

या सगळ्यात सर्वांत उपयोगी पडणारी गोष्ट म्हणजे रिक्वेस्ट आयडी. दारातच प्रत्येक रिक्वेस्टला एक खूण लावायची, प्रॉक्सीपासून डेटाबेसच्या क्वेरीपर्यंत प्रत्येक लॉगच्या ओळीत ती छापायची, आणि युजरला दिसणाऱ्या एररमध्येही ती दाखवायची. मग 'आमच्या लॉगमध्ये काही नाही' हे वाक्य भांडणाचं राहत नाही. खूण एनजिनएक्सच्या लॉगमध्ये आहे आणि ॲपच्या लॉगमध्ये नाही, म्हणजे कुठे अडली ते आपोआप कळलं. हे तुमच्याकडे आधीच असतं तर तुमचे दोन दिवस वाचले असते.

'गेल्या आठवड्यापर्यंत चालत होतं' असं जेव्हा म्हणता येतं तेव्हा तर्कही करू नका, गिट बायसेक्ट (बिघाड आणणारी कमिट, म्हणजे कोडमधला नोंदवलेला बदल, शोधणारी कमांड) चालवा. चांगली आणि वाईट कमिट सांगा, तो मधली काढून देतो. हजार कमिट असतील तरी साधारण दहा फेऱ्यांत दोषी हाती लागते. पुन्हा तेच, मधोमध तोडणं.

आता तुमच्याकडचं उरलेलं काम. लॉगमध्ये ती ओळ सापडली तर एनजिनएक्सची मर्यादा वाढवा, पण अमर्याद करू नका. फॉर्मला जेवढी मोठी फाइल खरोखर हवी तेवढीच ठेवा. तीच मर्यादा फ्रंटएंडवर सेव्हच्या आधी तपासा, म्हणजे युजरला 'फाइल फार मोठी आहे' असं त्याला कळेल अशा भाषेत दिसेल. हेडर एनजिनएक्समध्ये लावत असाल तर 'ऑलवेज' जोडा, म्हणजे पुढच्या वेळी खरी एरर कॉर्सचा बुरखा घालून येणार नाही. आणि ती 'सगळ्यांना परवानगी' आजच काढा. कुकीसकट जाणाऱ्या रिक्वेस्टवर 'सगळ्यांना' सांगणारं ताराचिन्ह तसंही ब्राउझर मानत नाही, म्हणून लोक मग येईल त्या ओरिजिनला (विचारणाऱ्या साइटला) होकार देणारा कोड लिहून मोकळे होतात. तुमच्या बॅकएंडमध्ये गेल्या दोन दिवसांत तसं काही कोणी घातलं आहे का, एकदा डिफ (बदललेल्या ओळींची यादी) काढून बघा.